पाचवी हजेरी

आजच्या समारंभाच्या आणि आपल्या ओटा प्रतिष्ठानच्याही अध्यक्षा, आदरणीय उर्मिलाताई वैद्य. परीक्षांची धामधूम बाजूला सारून आलेल्या प्रमुख पाहुण्या, प्राचार्या सुरुचीताई देसाई. माझे सहकारी विश्वस्त आणि आपल्या गाडीचे दाते जितेंद्रभाई. उद्यापासून माझ्या खुर्चीवर बसणारे नवे सचिव, चिरंजीव कौस्तुभ. पहिल्या रांगेत बसलेल्या, आमच्या संस्थापकांच्या पत्नी एडनावहिनी घोन्साल्विस. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे ते ओट्यावरचे माझे सवंगडी, बंधूंनो आणि भगिनींनो, आत्माराम सामंताचा आपणा सर्वांना नमस्कार.

पत्रिकेत सत्कार आधी आणि सत्कारमूर्तीचं मनोगत नंतर असं छापलं आहे. मी उर्मिलाताईंच्या हातापाया पडून तो क्रम बदलून घेतला. टेबलावर शाल आहे, श्रीफळ आहे, कागदात गुंडाळलेलं मानचिन्हही आहे. ते तिथेच असू द्या. माझं बोलणं संपल्यावर ते मला द्यायचं की नाही, हे मंडळानं ठरवावं. आपण हसलात. मागे कुणीतरी 'विनय' म्हणालं, तेही ऐकलं मी. माझ्या कानांना अजून काही झालेलं नाही, हीच तर माझी अडचण आहे.

सोळा वर्षं मी या संस्थेचा सचिव होतो. या काळात मंडळाकडे स्वतःसाठी चहाचा दुसरा कपसुद्धा मागितला नाही. आज मागणार आहे. ओट्याच्या दारावर एक पाटी आहे, ती आपण सगळे येता-जाता वाचता. 'ज्यांना आपले नाव व घरची वाट खात्रीने सांगता येत नाही, अशा ज्येष्ठांना प्रवेश नाही. विश्वस्त मंडळाच्या आदेशावरून.' दोन वर्षांपूर्वीचा ठराव आहे. त्या पाटीनं आजवर नऊ माणसं दारातून परत पाठवली. नववे गेल्या सोमवारी, मुलीचा हात धरून आले होते. मी जायच्या आधी तो ठराव रद्द व्हावा, एवढंच माझं मागणं. का, ते सांगायला मला थोडा वेळ लागेल. बटाटेवडे गरम राहतील अशी व्यवस्था कौस्तुभनं केली आहे, तेव्हा घाई करू नका.

आणखी एक विनंती. एडनावहिनींच्या शेजारी एक खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर 'हंसा भोईर' असा कागद मीच चिकटवला आहे. त्या अजून आल्या नाहीत. तिथं कृपया कुणी बसू नये.

तर मंडळी, सचिव होण्याआधी मी काय होतो? माझ्याबद्दल आधी बोललेल्यांनी मला 'प्रशासनाचा दांडगा अनुभव असलेले' वगैरे म्हटलं. मी अंधेरीच्या एका कारखान्यात हजेरी कारकून होतो. एकतीस वर्षं. गेटजवळच्या खोलीत बसायचं आणि कोण आला, कोण नाही, कोण किती उशिरा आला हे लिहायचं. माझा सख्खा मेहुणा त्याच कारखान्यात होता. एकदा तो दहा मिनिटं उशिरा आला, मी त्याचा अर्धा दिवस कापला. बायको पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही आणि सासूबाई तर शेवटपर्यंत मला 'गेटवाले जावई' म्हणत. पण एकतीस वर्षांत मी कुणाची खोटी हजेरी लावली नाही. हे मी जिथे-तिथे सांगत असे. लग्नात, बारशात, सोसायटीच्या सभेत. घरच्यांना पाठ झालं होतं.

निवृत्तीनंतर आम्ही परळहून इथे इंद्रलोकमध्ये राहायला आलो. एक दिवस सोसायटीच्या आवारात एक उंचेला, काळासावळा गृहस्थ आमच्या बिल्डिंगकडे मान वर करून बघत उभा होता. मला म्हणाला, "या बिल्डिंगीला ओटा कुठं हाय?" म्हटलं, ओटा नाही, गॅलरी आहे. तो म्हणाला, "गॅलरीत मानूस उभा ऱ्हातो. बसतो ओट्यावर. म्हातारी मानसं दिवसभर करतात काय मग?"

ते मायकेलभाऊ घोन्साल्विस. उत्तनचे. आयुष्यभर गोदीत क्रेन चालवलेले. त्यांच्या घराला ओटा होता, त्यांच्या गल्लीत प्रत्येक घराला होता, आणि संध्याकाळी एकही म्हातारं माणूस घरात एकटं नसे. त्यांच्या त्या एका प्रश्नातून ही संस्था निघाली. मुलंसुना कामावर गेल्यावर मागे उरलेल्या माणसांनी सकाळी यावं, संध्याकाळी जावं. गाडी नंतर आली, जितेंद्रभाईंच्या कृपेनं. आधी मायकेलभाऊ स्वतः रिक्षा करून माणसं आणत आणि रिक्षावाल्याशी हिंदीत असं भांडत की रिक्षावालाच दोन रुपये परत देई.

संस्थेची घटना लिहायला बसलो तेव्हा मी पुस्तकातले सगळे नियम उतरवून आणले होते. मायकेलभाऊंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, एक नियम माझा घाल. तो नियम घटनेत आजही आहे, कलम अकरा. कुणाला ओट्यावर घ्यायचं असेल तर कोणत्याही एका विश्वस्ताचा शब्द पुरे. कुणाला काढायचं असेल, किंवा काढता येईल असा नियम करायचा असेल, तर पाच विश्वस्तांनी एका खोलीत समोरासमोर बसायचं. फोनवर नाही, चिठ्ठी फिरवून नाही, तहकूब सभेत नाही. मी म्हटलं, भाऊ, हे जरा अवघड होईल. ते म्हणाले, "होऊदे अवघड. मानसाला बाहेर काढताना पाच जनांनी एकमेकाची तोंडं बघायला पायजेत."

मंडळाच्या सभेत मी हजेरी घेत असे. जुनी खोड. नाव पुकारलं की बाकीचे 'उपस्थित' म्हणत. मायकेलभाऊ म्हणत, 'हाय.' ते इतकं आवडलं की ओट्यावरही रोज सकाळी साडेनऊला मी हजेरी घेऊ लागलो आणि सगळे 'हाय' म्हणू लागले. गुजराती, मारवाडी, मालवणी, सगळ्यांचं उत्तर एकच. शांताबेनना विचारा, त्या अजूनही दोनदा म्हणतात.

मायकेलभाऊ गेले. त्यानंतरच्या पहिल्या सभेत मी सवयीनं त्यांचं नाव पुकारलं आणि पुकारून बसलो. तेव्हा उर्मिलाताईंनी, डोळ्याला पदर लावून, हळूच म्हटलं, 'हाय.' मी वहीत 'उपस्थित' असं लिहिलं. सरकारी कागदावर आम्ही रीतसर त्यांची जागा रिकामी दाखवली होती. पण आमच्या वहीत नाही. पुढच्या सभेत पुन्हा नाव पुकारलं, पुन्हा कुणीतरी 'हाय' म्हणालं. मग ती प्रथाच पडली. त्यांची खुर्ची मांडायची, नाव घ्यायचं, कुणीतरी उत्तर द्यायचं. उत्तनहून एडनावहिनी सभेसाठी डबाभर फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे ते पिठाचे तळलेले गोळे, पाठवत, त्यातला एक त्यांच्या खुर्चीपुढे ठेवायचा. डबा परत द्यायला मी गेलो की वहिनी विचारत, "काय बोलला आज मायकेल?" मी म्हणे, "हाय बोलला." त्यावर त्या हसत आणि डबा आत नेत.

ज्या माणसानं मेहुण्याचा अर्धा दिवस कापला, त्यानं त्या ठरावापर्यंत नऊ वर्षं वहीत एका मयत माणसाची हजेरी लावली. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट अभिमान वाटे, की बघा, आमची संस्था किती मायेची आहे. प्रेमानं केलेल्या लबाडीला आपण लबाडी म्हणत नाही, नाही का?

आता त्या ठरावाकडे येतो. उर्मिलाताई, आपण पाण्याचा ग्लास उचललात. मी सांभाळून बोलेन, पण खरं तेच बोलेन.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आपल्या ओट्यावरचे एक गृहस्थ, ज्यांना विसर पडत असे, कुणाचं लक्ष नसताना गेटबाहेर गेले आणि पडले. खुबा मोडला. त्यांचा मुलगा आला, आणि त्यानं जे सुनावलं ते रास्तच होतं. तुमच्या भरवशावर वडील सोडले होते, पुढच्या वेळी पोलिसांत जाईन, म्हणाला. मंडळ घाबरलं. ती भीती खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. आपण सगळे फुकट राबणारे, पगारी माणसं तीन, आणि विसरणारी माणसं वाढत चाललेली. उर्मिलाताईंनी ठराव मांडायचं ठरवलं. नियमाप्रमाणे पाच जण हवे होते. पहिल्या सभेला तीन आले. दुसरीला चार. तिसरी सभा रविवारी सकाळी अकराला ठेवली.

त्या सकाळी आम्ही पुन्हा चार. उर्मिलाताई, जितेंद्रभाई, मी, आणि एक सदस्य जे आता हयात नाहीत, म्हणून त्यांचं नाव घेत नाही. साडेअकरापर्यंत वाट बघितली. जितेंद्रभाईंचं दुपारचं गाडीचं तिकीट होतं. मी हजेरी घेतली. चौघांनी 'उपस्थित' म्हटलं. मग मायकेलभाऊंचं नाव पुकारलं.

कुणी काही बोललं नाही.

नऊ वर्षांत पहिल्यांदा खोलीत कुणी उत्तर दिलं नाही. पंख्याचा आवाज येत होता. मी उर्मिलाताईंकडे बघितलं, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. चौथे सदस्य चष्मा पुसत होते. फुग्यांचा डबा मधोमध होता आणि एक फुगा त्या खुर्चीपुढे ठेवलेला होता. त्या रिकाम्या जागेचा अर्थ सगळ्यांना कळला होता, म्हणूनच सगळे गप्प होते. मग मी म्हटलं, 'हाय.'

मी म्हटलं. हळू म्हटलं, पण म्हटलं. जितेंद्रभाई म्हणाले, "आत्मारामभाई, पाच झाले ने? मग लिहून टाका." मी लिहिलं. ते वाक्य मला पाठ आहे. 'उपस्थित पाचही विश्वस्तांच्या एकमुखी संमतीने ठराव मंजूर.' अक्षर चांगलं आलं आहे.

जितेंद्रभाई, मान खाली घालू नका. आपण फक्त विचारलंत. लिहिणारा मी होतो. हजेरी कारकून मी होतो.

डबा परत द्यायला गेलो, तर वहिनींनी नेहमीसारखं विचारलं, काय बोलला? मी म्हटलं, हाय बोलला. त्या हसल्या. त्या हसण्यानं मी आजवर किती वेळा जागा झालो आहे, ते माझ्या बायकोला ठाऊक आहे.

त्या ठरावानं पहिलं नाव कुणाचं कापलं गेलं, हे ओट्यावरच्या मंडळींना माहीत आहे. हजेरीत सतरावा क्रमांक, सुलूताई भोईर. राई गावच्या. लहान चणीच्या, हिरव्या काठाचं लुगडं नेसणाऱ्या. त्यांना सांगावं लागे की हा सोमवार आहे, ही शांताबेन आहे, जेवण झालं आहे. पण हात विसरले नव्हते. आपल्या स्वयंपाकीणबाई त्यांच्यापुढे सुपात तांदूळ ठेवत आणि त्या खडे निवडत. एक खडा सुटत नसे. निवडलेले खडे त्या फेकत नसत, पायाशी लहानशी रास करत. मुलगी हंसा मीरा रोडला कपड्यांच्या दुकानात कामाला. सकाळी आठला निघे, रात्री परते. घरात दोघीच.

संस्थेच्या कागदावर मी हंसाला पत्र लिहिलं. 'कळविण्यास खेद होतो की' असं सुरू होणारं. हंसा आली नाही, भांडली नाही. शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून ती कामावर जाऊ लागली.

पुढच्या सोमवारी सकाळी साडेनऊला मी हजेरी घेत होतो. सोळा, शांताबेन. 'हाय, हाय.' सतरावर मी रेघ मारली होती. अठरा म्हणण्यासाठी मी तोंड उघडलं, आणि बाहेरून, गेटच्या पलीकडून आवाज आला.

'हाय.'

खिडकी उघडी होती. सगळ्यांच्या माना वळल्या. सुलूताई गेटबाहेर उभ्या होत्या. पाण्याच्या पाइपलाइनसाठी तिथं रेतीचा ढीग टाकला होता, त्याच्याशेजारी. त्यांना नाव ऐकू आलंच नव्हतं, कारण मी घेतलंच नव्हतं. पण शांताबेननंतर आपण, हे त्यांना पाठ होतं. दिवस विसरला होता, माणसं विसरली होती. ती जागा विसरली नव्हती.

मी म्हटलं, अठरा, हरिश्चंद्र मास्तर.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्र मास्तरांनी 'हाय' म्हणायच्या ऐवजी मला सांगितलं, "आत्माराम, मधलं एक नाव राहिलं." मास्तर, आपण समोर बसला आहात, आपल्याला आठवत असेल मी काय उत्तर दिलं. मी म्हटलं, नाही मास्तर, यादी बरोबर आहे.

आता मला सांगा, राई कुठं आणि इंद्रलोक कुठं? राईहून बसनं स्टेशनला यायचं, पूल ओलांडून पूर्वेला उतरायचं, तिथून पुढे चालत. आधी गाडी दारात जात होती, त्या रस्त्यानं त्या एकट्या कधी आल्या नव्हत्या. ज्या बाईला वाट सांगता येत नाही म्हणून आम्ही काढलं, ती बाई रोज वाट काढत येत होती आणि माझ्या हजेरीच्या वेळेआधी पोचत होती. मेहुण्यापेक्षा वक्तशीर. वॉचमन मला म्हणाला, "साब, अम्मा रोज आती है, थोडा बैठती है, फिर चली जाती है. अंदर छोड़ूँ क्या?" मी म्हटलं, मंडळाचा आदेश आहे, मी काय करणार?

हे मी काय म्हणालो, ते आपल्या लक्षात आलं का? कलम अकरा. आत घ्यायला कोणत्याही एका विश्वस्ताचा शब्द पुरे. मी विश्वस्त होतो. त्या वॉचमनला 'सोड' एवढं म्हटलं असतं तरी ते नियमात बसत होतं. आणि समजा तो ठराव आड आला असता, तर तो ठराव मुळात झालाच नव्हता, हे त्या अख्ख्या इमारतीत माझ्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं? पण तसं म्हणायचं तर पाचवा कोण होता, हेही सांगावं लागलं असतं. एकतीस वर्षांची माझी ती बढाई होती ना, लग्नाबारशातली. ती मला मोडवेना. म्हणून मी रोज सोळानंतर अठरा म्हणत राहिलो.

अकरा दिवस.

बाराव्या दिवशी मी सोळा म्हटलं. शांताबेननी दोनदा उत्तर दिलं. मी थांबलो. आपण सगळेच थांबलात, आठवतंय का? बाहेरून काही आलं नाही. मला आधी बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. वाटलं, चला, विसरल्या एकदाच्या.

दुपारी हंसा धावत आली. दुकानात शेजारणीचा फोन आला होता, आई घरात नाही म्हणून. ती मला विचारत होती, आई इथं आलेली का, आणि मी म्हणालो, आज नाही. 'आज नाही' म्हणालो. ती तशीच बाहेर गेली. दोन दिवसांनी सुलूताईंचा देह सापडला, खाडीकडच्या मिठागराच्या बांधाखाली. त्या सकाळी पूल न चढता भलतीकडेच गेल्या, असं बसथांब्यावरच्या कुणीतरी सांगितलं.

त्या सापडल्या त्या दिवशी संध्याकाळी मी गेटबाहेर गेलो. रेतीच्या ढिगाशेजारी भिंतीला लागून खड्यांच्या लहान लहान राशी होत्या. रेती निवडत बसायच्या त्या. मी मोजल्या. मोजणं एवढंच येतं मला. अकरा होत्या. कुठल्याही वहीत नसलेली, पण एकही दिवस न चुकलेली हजेरी.

मंडळी, तेव्हापासून सकाळची हजेरी मला जड जाते. शांताबेन उत्तर देतात, आणि पुढचं नाव घेण्याआधी मी खिडकीकडे बघतो. कधी बाहेर भाजीवाला ओरडतो, कधी कुणी गेट वाजवतं, आणि माझं बोट वहीतल्या सतरावरच्या रेघेवर जातं. खिडकी बंद करून पाहिली. बंद खिडकीतून जास्त ऐकू येतं. आपण म्हणाल, मनाचे खेळ आहेत. असतील. डॉक्टरही तेच म्हणाले, आणि गोळी दिली. गोळीनं झोप येते, पण झोपेत मी हजेरीच घेत असतो.

मग मी हे दोन वर्षं का दाबलं? भीती, दुसरं काय. कौस्तुभला वही सोपवायची वेळ आली तेव्हा तो सहज म्हणाला, "काका, तुमची वही म्हणजे आमच्यासाठी आदर्श आहे. मी अशीच ठेवणार." त्या रात्री मी ठरवलं, की हा मुलगा उद्यापासून मायकेलभाऊंचं नाव पुकारणार, कुणीतरी 'हाय' म्हणणार, आणि पुढच्या अडचणीच्या वेळी पाचवा पुन्हा तोच असणार. कौस्तुभ बिचारा, त्याला काय ठाऊक मी त्याच्या हातात काय देतोय?

मी आधी उत्तनला गेलो. एडनावहिनींना सगळं सांगितलं. त्या घराच्या ओट्यावरून उठल्या. मग म्हणाल्या, "तो न्हाय बोलला असता, आत्माराम. तू त्याच्या तोंडात हाय घातलास." आणि आत निघून गेल्या. वहिनी, आज आपण आलात, हे मी माझ्या लायकीपेक्षा जास्त समजतो.

मग राईला गेलो. हंसानं दार उघडलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं. मी माझ्या खोट्या हजेरीबद्दल सांगत होतो, ठरावाबद्दल, कलमाबद्दल. माझ्या दृष्टीनं तोच गुन्हा होता. तिनं त्यातलं काहीच धरलं नाही. ती म्हणाली, "काका, तुमी तिला अकरा दिस ऐकली. मना एक फोन न्हाय केला, का ती गेटवर हाय."

सोळा वर्षांत मी किती पत्रं लिहिली असतील. किती इतिवृत्तं. ते 'कळविण्यास खेद होतो की'चं पत्रसुद्धा मीच लिहिलं. हंसाचा नंबर त्याच वहीच्या मागच्या पानावर होता. मला वाटत होतं माझं पाप वहीतलं आहे. ते वहीतलं नव्हतंच.

मी तिला आज यायला सांगितलं. ती म्हणाली, "बघन."

असो. आपला वेळ मी फार घेतला. प्रमुख पाहुण्यांना पुढे जायचं आहे, तेव्हा आवरतो. कौस्तुभ, ती जुनी वही आण बाबा. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय ठराव रद्द करण्याचा आहे, तो त्यानं घातला आहे, मी सांगायच्या आधी. रद्द करायला काही पाच जण लागत नाहीत, कारण जे मुळात झालंच नाही ते काय रद्द करायचं? पण पाटी उतरवायला माणूस लागतो. जितेंद्रभाई, आपण हात वर केलात, तो मी पाटीसाठीच समजतो. धन्यवाद. उर्मिलाताई? धन्यवाद. नाही, बसा, आपण बोललं पाहिजे असं नाही.

आता एक नाव मी शेवटचं पुकारणार आहे. आपणा सगळ्यांना हात जोडून सांगतो, मायेनंसुद्धा कुणी उत्तर देऊ नका.

मायकेल घोन्साल्विस.

कौस्तुभ, माइक तिकडे नेऊ नकोस. मला ऐकू आलं, सगळ्या सभागृहाला ऐकू आलं. वहिनी 'न्हाय' म्हणाल्या. तसंच लिहितो. अनुपस्थित. अकरा वर्षं उशीर झाला, पण लिहिलं.

आणि ती खुर्ची. मी बोलताना चारदा दाराकडे पाहिलं, ते आपल्या लक्षात आलं असेल. हंसा भोईर आलेल्या नाहीत. त्यांच्या वतीनं कुणी काही म्हणू नये. त्या कामात असतील, गर्दीत अडकल्या असतील, मनातल्या मनात त्यांनी माफ केलं असेल, असलं काही माझ्या समाधानासाठी आपण धरून चालू नये. खुर्ची रिकामी आहे, रिकामीच मोजावी.

आजच्या कार्यक्रमासाठी सभागृह देणाऱ्यांचे, वडे तळणाऱ्या भगिनींचे, माझी बडबड शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते आपण पोटात घाला. करण्यात जे झालं, ते मात्र पोटात घालू नका. ते वहीत राहू द्या. आणि कौस्तुभ, उद्या सकाळी साडेनऊला हजेरी घेशील तेव्हा सोळानंतर जरा थांब, आणि खिडकी उघडी ठेव.